शांताबाईंचे काजवे

विठ्ठलवाडीच्या चाळीत दुपारी कॅरमचा बोर्ड मांडला की शांताबाई आणि गोदा समोरासमोर बसायच्या. हरेल तिने चहा करायचा, हा नियम दोघींची मुलं रांगत होती तेव्हापासूनचा. पण गेलं वर्षभर चहा शांताबाईच करत होत्या. त्यांची नजर कडेकडेने विझत चालली होती. मधोमध स्वच्छ, भोवती अंधार, पाइपातून बघावं तसं. राणी दिसायची, पण तिच्या शेजारची सोंगटी नसल्यासारखीच.

हे गोदाला कळू द्यायचं नव्हतं. कळलं की ती दया करणार, सोपी सोंगटी मुद्दाम चुकवणार, आणि मग खेळात काय राम राहिला? म्हणून कुणीही विचारलं की शांताबाईंचं उत्तर तयार असे, "दिसतंय की." डोळे तपासायला गेल्या तरी तक्त्यावरच्या ओळी शोधत बसायला नको म्हणून आधीच्या पेशंटने वाचलेली अक्षरं कानाने पाठ करून घडाघडा म्हणून दाखवत.

पण लेकीपासून, प्रीतीपासून, ते फार दिवस लपलं नाही. तिने ठाण्यातल्या एका दवाखान्यातले नवे उपचार शोधून काढले. ना कापाकापी, ना सुई. चष्म्यासारखी फ्रेम घालायची, खालच्या पापणीशी दोऱ्याइतकी बारीक तार टेकवायची आणि अगदी मंद वीज सोडायची, की डोळ्याच्या आतला पडदा जागा राहतो म्हणे. गेलेली नजर परत आणायचं वचन डॉक्टरांनी दिलं नव्हतं. आहे ती टिकवू, थोडी वाढली तर आनंदच, इतकंच ते म्हणाले. शांताबाईंना तेवढंही पुष्कळ होतं. निदान राणी तरी हातची जाऊ नये.

पहिल्या दिवशी मशीन चालवणाऱ्या हेमांगी मॅडम म्हणाल्या, "मावशी, मी वीज हळूहळू वाढवत नेते. डोळ्यांपुढे काही चमकायला लागलं की सांगा."

बटण जेमतेम फिरलं होतं. शांताबाई म्हणाल्या, "दिसतंय की."

"इतक्यात?"

"लख्ख."

तेवढ्याच विजेवर उपचार सुरू झाले. दर आठवड्याला शांताबाई फ्रेम लावून बसत, आणि खरं सांगायचं तर मस्त डुलकी काढत. दोन-अडीच महिन्यांनी तपासणी झाली. अंधार आणखी आत सरकला होता. असंच चाललं तर दिवाळीपर्यंत राणीही जाणार, या विचारात त्या बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या.

शेजारी डोंबिवलीचे अण्णा होते, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचीही हीच व्याधी. त्यांनी विचारलं, "तुमचे काजवे कोणत्या रंगाचे हो? माझे निळसर आहेत."

"पांढरे," शांताबाईंनी ठोकून दिलं.

"नशीबवान आहात. मला किती वेळ काहीच दिसेना. मी आपला नाही, नाही म्हणत राहिलो."

शांताबाई सावरून बसल्या. "नाही म्हणालात? मग तुम्हाला काढून नाही टाकलं?"

"काढतील कशाला? नाही म्हटलं तरच वीज वाढवतात ना."

शांताबाई तडक आत गेल्या. मागोमाग प्रीती.

"मॅडम, मला कधीच काही चमकलं नाही. मला वाटलं, नाही म्हटलं तर नापास कराल."

हेमांगी मॅडमनी कपाळाला हात लावला. प्रीती म्हणाली, "म्हणजे एवढे दिवस मी ऑफिसात हाफ डे टाकून तुला इथे झोपायला आणत होते?"

"झोप छान लागायची गं," शांताबाई पुटपुटल्या.

पुन्हा फ्रेम चढली. बटण फिरलं. "नाही." आणखी थोडं. "नाही." शांताबाईंना आता नाही म्हणायची गोडीच लागली. "अजिबात नाही. अजून नाही, मॅडम." आणि मग त्या एकदम गप्प झाल्या.

"मावशी?"

"थांबा. तिकडे, काठाला." त्यांचा आवाज हलका झाला. "जिथे काही नसतंच ना, तिथे. चांदीचा चुरा उडतोय."

बघायला त्या मान वळवू लागल्या तशी मॅडमनी हनुवटी धरून ती सरळ केली. प्रीती आईचा हात घट्ट धरून उभी राहिली.

घरी येऊन शांताबाईंनी गोदाला सगळं सांगून टाकलं.

"तरीच," गोदा म्हणाली. "मी वर्षभर तुला सोप्या सोंगट्या सोडतेय, तरी हरतेस कशी, हेच मला कळेना."

"सोडत होतीस?"

"मग काय. उगाच रोज तुझ्या हातचा तो पांचट चहा प्यावा लागला."

दिवाळी झाली, थंडी पडली. पुढच्या तपासणीत अंधार होता तिथेच थांबलेला निघाला. वाढला नाही, हटलाही नाही. डॉक्टर म्हणाले, सध्या हेच हवं होतं. त्या दुपारी गोदाने बोर्डावर पावडर टाकली. "आता एक पण सोडणार नाही, सांगून ठेवते."

"नको सोडूस," शांताबाई स्ट्रायकर सरकवत म्हणाल्या. "फक्त उजवीकडे काळी कुठेय ते सांग. ती मला दिसत नाही."