कोरड्या घशाचा हातपंप

मी एक जुना हातपंप आहे, मित्रांनो. वस्तीच्या मधोमध, मोकळ्या जागेत उभा. मला बसवलं तेव्हा पहिल्या झटक्यालाच पाणी आलं आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. पुढे घरोघर नळ आले. माझ्या दांड्यावर ओली फडकी वाळू लागली. तेही मी चालवून घेतलं.

भीती शिरली ती नंतर. अंगणं, गल्ल्या, सगळं सिमेंटनं लिंपलं गेलं. पावसाचं पाणी गटारात पळायचं आणि जमिनीतलं पाणी माझ्यापासून दूर दूर जायचं. हे सांगणार कोणाला?

अशात वस्तीचा आराखडा करायला एक तरुण बाई आली. लोकांनी तिचं नाव ठेवलं फूटपट्टीबाई. बैठकीत ती म्हणाली, "ही जागा उघडी ठेवा. छपरांचं पाणी इथं खड्ड्यात मुरवू."

कोपऱ्यावरचा दुकानदार उसळला. "मुरवता कशाला? फरशी घाला, गाड्या लागतील. आणि हे भंगार आधी उपटा!"

बरेच हात त्याच्या बाजूनं वर झाले. कोणीतरी माझ्या अंगावर लाल फुली मारली. माझ्या लोखंडाचं पाणी पाणी झालं.

मला उपटण्याआधीच, ऐन उन्हाळ्यात मोठी जलवाहिनी फुटली. नळ कोरडे ठणठणीत! लोक बादल्या घेऊन माझ्याकडे धावले. सगळ्यांत पुढे दुकानदार, कारण त्याची आई तापानं फणफणली होती. तो हापसत राहिला. माझ्या घशातून नुसती घरघर.

"अरे, दे ना थोडं तरी!" तो रडकुंडीला आला.

मी जीव खाऊन ओढलं, पण खाली काही नव्हतंच. एवढा मी कधीच घाबरलो नव्हतो.

इस्त्रीवाल्या मावशींनी कपड्यांवर शिंपडायचं पाणी त्याच्या हातात दिलं. "घड्या ठेव तिच्या कपाळावर. कपड्यांचं बघू मग."

म्हातारी वाचली. दुकानदार फूटपट्टीबाईकडे गेला. "बाई, कुठं खणायचं ते दाखवा."

खड्डा झाला, छपरांचे पाइप तिकडे वळले. पहिल्या पावसाळ्यानंतरही मी कोरडाच. दुसऱ्यानंतर माझ्या तोंडून गढूळ, बारीक धार आली. मावशी म्हणाल्या, "आला गं बाई जीव!"

पण माझी धडधड थांबलेली नाही. गाड्या वाढतच आहेत. परवा दोन अनोळखी माणसं टेप लावून ही जागा मोजत होती. मला ओरडता येत नाही, पळताही येत नाही. मित्रांनो, तुमच्या वस्तीत कोणी मोकळी माती झाकायला निघालं, तर तुम्ही तरी पुढे व्हा आणि विचारा, "काका, मग पाणी आत जाणार कुठून?"