रंधा मारलेला खांब

मित्रांनो, रहिमतपूरच्या अलीकडे वळणावर काळ्या दगडांची एक जुनी चावडी दिसते ना, ती मी. दिसते म्हणजे, मान वळवून पाहिलंत तर! हल्ली तेवढी सवड कुणाला नसते.

पाथरवटांनी मला घडवलं तेव्हा पंचक्रोशीत माझ्यासारखी दुसरी चावडी नव्हती. गावची भांडणं माझ्याच ओसरीवर मिटत. पण माझा खरा मान वेगळा होता. फौजेत निघालेला प्रत्येक पोरगा माझ्या सागवानी खांबाला पाठ लावून उभा राही आणि सुतार त्याच्या डोक्यालगत पटाशीने खाच पाडी. कुणाची तिरकी, कुणाची खोल. अशा एकोणीस खाचा होत्या. नावं कुठेच लिहिलेली नव्हती. खाचेवर बोट ठेवलं की बायाबापड्या नाव सांगत. त्यातले काही परत आलेच नाहीत.

पुढे ग्रामपंचायतीचं नवं कार्यालय झालं आणि माझ्या दाराला कुलूप लागलं. मी फार एकटी पडले. मला पाडून सभागृह बांधायचं, असंही ठरत आलं. तेवढ्यात कळलं, तालुक्यातल्या जुन्या वास्तूंची नोंद करणाऱ्या दीपमालाताई माझ्या खाचांबद्दल ऐकून येणार आहेत. नोंद झाली तर मी वाचणार होते.

सरपंच बाळासो हुरळून गेले. "पाव्हणी यायच्या आत चावडी कशी नव्या नवरीवाणी दिसली पायजे, गड्या!" लगोलग खांबांना रंधा मारला, वर पोपटी ऑइल पेंट चढवला. खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटलं. कितीतरी वर्षांनी कुणाचा तरी हात लागत होता.

ताई आल्या आणि थेट खांबापाशी गेल्या. "खाचा कुठं आहेत?" त्यांनी विचारलं. बाळासोंचा चेहरा पडला.

मग म्हाताऱ्या भामाबाई पुढे आल्या. त्यांचा थोरला भाऊ लढाईतून परतला नव्हता. त्यांनी गुळगुळीत खांब चाचपला. "हितं व्हता आमचा आकाराम. लय उंच गडी. लिवून घ्या ताई, मी सांगते." त्या एकेक जागा दाखवत गेल्या, ताई लिहीत गेल्या. सोळा नावं झाली आणि भामाबाई थांबल्या. "खाच हाताला लागली असती, तर सांगितलं असतं वो," म्हणत त्या रडू लागल्या.

माझी नोंद झाली, मित्रांनो. मी वाचले. पण तीन पोरं माझ्या अंगावरून कायमची पुसली गेली, त्याचं दुःख मी कुणाला सांगू?

म्हणून एक मागणं आहे. माझ्याकडे येताना रंगाचा डबा आणू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून आणा. त्या तिघांतला एखादा त्यांच्या ओळखीचा असेल.