तापलेल्या रुळांतून गेलेला दाखला

मित्रांनो, मी लॅमिनेशनची एक जुनी मशीन आहे. सांगलीजवळ माधवनगरात सयाजीचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथं काउंटरच्या कोपऱ्यात मी बसलेली असते. माझ्या पोटात दोन रूळ आहेत. ते तापले की प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला कागद मी एका बाजूनं आत ओढते आणि दुसऱ्या बाजूनं कडक, चकचकीत करून सोडते. एकदा आत घेतलेला कागद पुन्हा होता तसा करणं मला जमत नाही. माझी सगळी भीती तिथंच आहे.

माझी जुळणी कुणी केली, ते मला ठाऊक नाही. खोक्यातून बाहेर काढून सयाजीनं मला हळदकुंकू लावलं, तिथून पुढचं आठवतं. त्या काळी माझ्यापुढं गिऱ्हाइकं ताटकळत उभी राहायची. दहावीची गुणपत्रकं, देवांचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो. आमच्याकडच्या माणसाला एखादा कागद जिवापाड जपायचा असला की तो प्लास्टिकात जातो. मला अक्षरं येत नव्हती. कागद पोटातून जाता जाता ती ओळखीची होत गेली. पुढं लोक फोनमध्येच कागद ठेवू लागले आणि सयाजी माझ्या पाठीवर चहाचा कप ठेवू लागला.

बाळगोंडा अण्णा मात्र मला विसरले नाहीत. यंत्रमागावर आयुष्य काढलेला माणूस. त्यांना आप्पा म्हणणारी त्यांची मुलगी स्वप्नाली साताऱ्यात एका दवाखान्यात नर्स होती. त्याआधी ती आखाती देशात काम करून आली होती. आता तिला दूरच्या एका थंड देशात, वृद्धाश्रमात नोकरी मिळाली होती. व्हिसासाठी पोलिसांचे दोन दाखले लागणार होते, एक इथला आणि एक आखातातला. तिच्यावर कुठं गुन्हा नाही, एवढंच त्यांत लिहिलेलं असतं. पण कागद सादर करायच्या दिवशी दोन्ही दाखले तीन महिन्यांच्या आतले हवेत, अशी अट होती.

जवळचं काम आधी उरकावं, असं अण्णांनी ठरवलं. लेकीच्या मागं लागून त्यांनी इथला दाखला आधी काढायला लावला. पोलीस घरी येऊन चौकशी करून गेला, दाखला झाला, आणि अण्णा दुकानात हजर.

"सयाजी, घाल ह्याला प्लास्टिकात. पोरीनं काय गुन्हा केला न्हाई म्हणून सरकारनं लिहून दिलंय."

"अण्णा, भिंतीला लावताय का काय?"

"लावणार की! आमच्या भावकीत हाय का कुणाकडं असला कागद?"

आणि त्यांनी तो महावीरांच्या तसबिरीशेजारी खरंच लावला. तिकडं आखातातला दाखला काही येईना. वाट बघता बघता भिंतीवरच्या दाखल्याची मुदत संपली. मुदत संपली म्हणून तो वाया गेला, एवढंच सगळ्यांना कळलं. प्लास्टिकात घातला म्हणून तो तसाही चालला नसता, हे कळायची वेळच आली नाही.

शेवटी आखातातला दाखला आला. स्वप्नालीनं इथल्या दाखल्यासाठी पुन्हा अर्ज केला. कागद सादर करायची तारीखही मिळाली. त्या दिवशी ती झेरॉक्स काढायला आली होती आणि सयाजी बाहेर चहा सांगायला गेला होता. तेवढ्यात व्हिसाचं काम बघणाऱ्या बाईंचा फोन आला.

"मूळ दाखला साधा हवा हं. लॅमिनेशन केलेला घेत नाहीत."

"बरं झालं सांगितलंत. हा मी माझ्याच हातानं आणणार आहे," स्वप्नाली म्हणाली आणि साताऱ्याची गाडी गाठायला पळाली.

ते बोलणं दुकानात फक्त मी ऐकलं होतं.

इथला नवा दाखला वाटलं होतं त्याआधीच आला, आणि टपालानं थेट घरी आला. स्वप्नाली साताऱ्याला ड्युटीवर होती. अण्णा तो स्वच्छ टॉवेलात गुंडाळून घेऊन आले.

"परवा जायाचं हाय. गाडीत कुणाचं पाणी सांडंल, घडी पडंल. जीव लय घाबरा झालाय बघ. मागच्यापेक्षा जाड प्लास्टिक घाल."

सयाजीनं कप उचलला, माझं बटण दाबलं. तांबडा दिवा लागला. रूळ तापू लागले तशी मी मनात म्हणत राहिले, वीज जाऊ दे, वायर जळू दे, अण्णांना कुणीतरी हाक मारू दे. काही झालं नाही. हिरवा दिवा लागला आणि कागदाचं टोक माझ्या तोंडाशी आलं. स्वप्नालीचं नाव माझ्या पोटातून एकेक अक्षरानं पुढं सरकलं.

"ब्येस झालं!" अण्णांनी दाखला उजेडात धरला, फोटो काढून लेकीला पाठवला.

लगेच फोन वाजला. "आप्पा, काय केलासा हे?"

"का गं? जाड घातलंय. फाटायचं न्हाई."

"आप्पा... असला चालत नाही."

अण्णा स्टुलावर बसले. सयाजीनं ब्लेडनं कड उघडून बघितली, तर सहीची शाई प्लास्टिकाबरोबर वर आली.

"ऱ्हाऊ दे रं," अण्णा म्हणाले.

तारीख बदलून मिळाली, पण तो आखाती दाखल्याच्या मुदतीचा शेवटचा दिवस होता. तोवर इथला नवा दाखला आला नाही तर आखातातलाही शिळा होणार होता, आणि नोकरी तेवढे दिवस थांबणार नव्हती. पोलीस तिसऱ्यांदा घरी आला. शेजारच्या सुंदरी काकूंनी टोमणा मारलाच, "आवं, पोरीनं बँक फोडली का काय? पोलीस पाव्हण्यासारखा येतोय!"

अण्णा हसले नाहीत. रोज दुकानात येऊन विचारायचे, "आला का रं?" सयाजी कॉम्प्युटरवर बघायचा आणि मान हलवायचा. माझी वायर त्यानं गुंडाळून ठेवली होती. अण्णा माझ्याकडं बघायचे नाहीत, आणि मला तेच बरं वाटायचं.

जायच्या आदल्या दिवशी दाखला आला. स्वप्नाली झेरॉक्स काढायला आली, मागं अण्णा.

"आप्पा, जरा धरा हे. पिशवी उघडते."

अण्णांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. "नगं बाई. माझ्या हाताला घाम हाय."

 तिनं त्यांचा हात पुढं ओढला, आपल्या ओढणीनं पुसला आणि दाखला त्यावर ठेवला.  ती पिशवी उघडेपर्यंत अण्णांनी तो तसाच सपाट धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानात स्वप्नालीचा फोन आला. तिचे कागद स्वीकारले होते. अण्णांनी फोन ठेवला आणि सयाजीच्या खांद्यावर डोकं टेकलं.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. एखाद्याचा कागद जपायला घेताना आधी त्यालाच विचारा, तो कसा जपायचा. माया कमी पडली म्हणून अण्णांचं काम बिघडलं नव्हतं. आणि माझं म्हणाल तर अजूनही कुणी कागद छातीशी धरून दुकानात शिरलं की वाटतं, माझे रूळ थंडच राहावेत.