सुंडलच्या पुडीवरचं नाव

मित्रांनो, झेरॉक्स मशीनच्या मागे धूळ खात बसलेला तो करडा डबा म्हणजे मी. मला श्रेडर म्हणतात. कागद गिळायचा आणि त्याच्या शेवया करून पोटात ठेवायच्या, हे माझं काम. स्वभावाने मी जळकुटा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

चेन्नईत, शोळिंगनल्लूरच्या या ऑफिसात मी २००३ साली आलो. परदेशातल्या इस्पितळांचे कागद इथे कॉम्प्युटरवर चढवले जायचे. कोणाला कोणता आजार आहे ते बाहेर फुटता कामा नये, असा तिकडचा कायदा. म्हणून काम झालेला प्रत्येक कागद आमची साहेबीण चित्राताई स्वतःच्या हाताने मला भरवायची. "हा आहे म्हणून मी निवांत झोपते," असं ती पाहुण्यांना सांगायची. ते ऐकून माझ्या पात्यांना धार चढायची.

मग नागपूरचा सिद्धार्थ आला आणि त्याने एक प्रोग्राम लिहिला. छापण्याआधी तो कागदातलं रोग्याचं नाव आपणहून शोधायचा आणि त्यावर काळी पट्टी ओढायचा. सगळ्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. म्हैसूरपाक वाटला. चित्राताईने हातातली बशी माझ्या पाठीवर ठेवली आणि त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. माझ्या पोटात असं दुखलं म्हणून सांगू! त्या दिवसापासून मी रोज त्याचं वाईट चिंतू लागलो.

"नावं झाकलेलीच आहेत, आता फाडायचं कशाला?" असं जो तो म्हणू लागला. माझा प्लग काढून तिथे मोबाइलचा चार्जर लागला. छापताना वाया गेलेले कागद रामस्वामींच्या ट्रेमध्ये जमू लागले. रामस्वामी आमचे तंजावरी मराठी हेडक्लार्क. "मागची बाजू कोरी आहे की. फेकला तर पाप लागेल, अम्मा," असं म्हणून ते कागद जपून ठेवायचे.

२००७ साली पहिल्यांदाच इथल्या, चेन्नईतल्याच अड्यारच्या एका इस्पितळाचं काम मिळालं. पाठोपाठ नवरात्र आलं. दारात कोलूच्या, म्हणजे इथे नवरात्रात पायऱ्यांवर मांडतात त्या, बाहुल्या मांडल्या गेल्या. रामस्वामींनी घरून सुंडल आणलं, म्हणजे ओलं खोबरं घातलेले उकडलेले हरभरे, आणि ट्रेमधल्या कागदांच्या पुड्या करून सगळ्यांना वाटलं.

खाऊन झाल्यावर चित्राताईने पुडी उलगडली आणि ती थबकली. छापील बाजूला नाव होतं, टी. संयुक्ता. खाली आजार लिहिला होता, फिट येण्याचा. संयुक्ता आमच्याच ऑफिसात खिडकीपाशी बसून टायपिंग करायची. काळी पट्टी कुठेच नव्हती.

"हिला आडनावच नाही," सिद्धार्थ पुटपुटला. त्याच्या प्रोग्रामला नाव आणि आडनाव अशी जोडीच ओळखता यायची. इथली माणसं वडिलांच्या नावाचं अक्षर लावून पुढे आपलं नाव सांगतात, हे रोज त्यांच्याबरोबर जेवूनही त्याला सुचलं नव्हतं.

खरं सांगू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चित्राताई धावत माझ्याकडे आली, चार्जर उपटून माझा प्लग लावला आणि तो तेलकट कागद मला भरवला. मी तो खोबऱ्यासकट गिळला. रामस्वामी कचऱ्याच्या बादलीतून एकेक पुडी उचलून आणत होते, त्याही गिळल्या.

तेवढ्यात संयुक्ता मागे येऊन उभी राहिली. तिला कोणीतरी सांगितलं होतं. आधीच्या नोकरीत हा आजार कळल्यावर तिला घरी बसवलं होतं, म्हणून इथे ती कोणालाच बोलली नव्हती.

"अक्का, माझं काम राहील की?"

"राहील. मी बसलेय ना इथे."

"किती जणांनी वाचलं?"

चित्राताईने शेवटची पुडी न उलगडताच मला भरवली. पोट भरलं होतं, तरी मला एकदम रिकामं रिकामं वाटलं.

पुढच्या आठवड्यात सिद्धार्थने प्रोग्रामला इथली नावं शिकवली. पुन्हा त्याच्याभोवती गर्दी झाली, माझ्या जागी पुन्हा चार्जर आला आणि मी पुन्हा जळलो. संयुक्ताची नोकरी राहिली. पण आता ती घटकाभर डोळे मिटून बसली, तरी आजूबाजूचे हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत राहतात.

म्हणून मित्रांनो, दुसऱ्याचं नाव असलेला कागद हाती आला, तर तो माझ्याकडे आणा, आणि वाचायच्या आधी आणा. वाचलेलं मला कापता येत नाही.