एका विणीची पिल्लं

चाळिशी उलटून गेली तरी घरात त्याला सगळे बारक्याच म्हणत. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून भिंगं घासायची, हे त्याचं काम. थोरला भाऊ एका मोठ्या कंपनीत मॅनेजर होता आणि लहानपणापासून प्रत्येक बाबतीत त्याच्याहून सरस.

दादाच्या टाकीत कॅटफिशनं अंडी घातली, तेव्हा त्यानं निम्मी पिल्लं डब्यात घालून बारक्याला दिली.

"बघू या कोणाची चांगली वाढतात," तो हसत म्हणाला.

बारक्याची काही पिल्लं झकास वाढली. त्यांना मिशा फुटल्या, वाळूत तोंड खुपसून ती दिवसभर हुंदडू लागली. बाकीची मात्र नखाएवढीच राहिली. बारक्यानं त्यांच्यासाठी गोळ्या कुटून कोपऱ्यात टाकून पाहिल्या, तर धटिंगण तिथेही येऊन फडशा पाडायचे. पाणी बदललं, खाणं बदललं, पण फरक शून्य.

"अहो, माझ्या ताटाकडे कधी इतकं बघितलं नाहीत," बायको म्हणाली.

दादाकडची पिल्लं मात्र साच्यातून काढल्यासारखी एकसारखी होती.

"तुझ्या हाताला गुणच नाही रे," दादा म्हणायचा. "भिंगं तरी धड घासतोस ना? की लोकांना खड्ड्यात पाडतोस?"

एकदा बारक्या दादाची शिडी परत करायला गेला. दादा कामावर होता. वहिनी ओट्याशी भांडी पुसत होती. बारक्या टाकीपाशी रेंगाळला.

"वहिनी, दादा यांना घालतो तरी काय?"

"सगळे घालतात तेच." वहिनीचा हात थांबला. "बारकी राहतात ना, ती हे दर रविवारी काढून त्या मोठ्या माशाच्या टाकीत टाकतात. आधी ते काम माझ्याकडे होतं. मग मी नाही म्हटलं. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल, भाऊजी."

पलीकडच्या टाकीत तो रुंद जबड्याचा मासा काचेला तोंड लावून निवांत पडला होता.

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं.

"मग सांगा की दादांना तोंडावर."

"सांगतो. या खेपेला सोडत नाही."

पण त्याच आठवड्यात दादाचाच फोन आला. त्याच्या साहेबांना माशांचा भारी नाद. रविवारी त्यांना घेऊन येतो म्हणाला. "आणि टाकी जरा नीट करून ठेव. माझं हसं करू नकोस."

थंडी कडाक्याची होती. रविवारी बारक्यानं टाकी लख्ख पुसली आणि समोर बसून राहिला. मग उठून त्यानं जाळी घेतली. टाकीतलंच पाणी बादलीत घेतलं, एकेक बारकं पिल्लू त्यात सोडलं आणि बादली बाथरूममध्ये नेऊन ठेवली. पाणी कोमट ठेवणारा हीटर टाकीत होता तेवढाच, दुसरा घरात नव्हता.

बायको दारात येऊन उभी राहिली. "हे काय?"

"पाहुणे जाईपर्यंतच."

"तोंडावर सांगणार होतात ना?"

त्यानं जाळी झटकून खुंटीला लावली.

साहेब टाकीपुढे वाकून कितीतरी वेळ पाहत राहिले. "वा! काय एकसारखी वाढ आहे."

"भाऊ कोणाचा?" म्हणत दादानं बारक्याच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्यानं आजवर कधी ठेवला नव्हता. बारक्याला स्वतःची चीड आली आणि बरंही वाटलं. विचारलं नसताना तो पाण्याबद्दल, खाण्याबद्दल सांगू लागला. पुन्हा एकदा चहा झाला. बायकोनं दोनदा बाथरूमकडे नजरेनं खुणावलं. त्याला कळत होतं. पण साहेब ऐकत होते, दादा मान डोलावत होता, आणि त्याचं बूड काही हलेना.

वहिनीही त्यांच्याबरोबर आली होती. ती टाकीकडे पाहायची, मग त्याच्याकडे. निघताना चपला घालता घालता ती हळूच म्हणाली, "तुम्हीपण, भाऊजी?"

नाही वहिनी, आत आहेत सगळी, एवढंच म्हणायचं होतं. पण शेजारीच दादा उभा होता. बारक्यानं मान खाली घातली.

दार लागताच तो बाथरूमकडे धावला. बादलीतलं पाणी बर्फासारखं लागलं. पिल्लं कुशीवर पडली होती. एकाचे कल्ले अजून हलत होते. त्यानं ते तळहातावर टाकीपाशी नेलं आणि तो टाकीतलं कोमट पाणी थेंब थेंब वर सोडत बसला. थोड्या वेळानं तेही हलायचं थांबलं.

"द्या इकडे," बायको म्हणाली. तिनं बादली उचलून नेली. पुढे तिनं त्या दिवसाचा विषय काढला नाही, हे त्याला जास्त लागलं.

त्याच रात्री दादाचा फोन आला. साहेब खूश होते. "पुढच्या विणीतली आणखी पिल्लं देतो तुला."

"नको."

"का रे?"

"नको म्हटलं ना."

दादा हसला आणि त्यानं फोन ठेवला.

वहिनीला एकदा सगळं सांगावं, असं बारक्याच्या मनात फार होतं. दुकानात काम करता करता तो वाक्यं जुळवायचा: मी त्यांना कोणाच्या तोंडी दिलं नाही, वहिनी, मी फक्त लपवली होती. मग, पुढे काय झालं, असं ती विचारणारच. तिथे येऊन तो अडायचा आणि पुढचं भिंग हातात घ्यायचा.