कपाटवाला पिक्चर

मित्रांनो, ऐंशीच्या दशकात हिंदी पिक्चर घराघरांत नेण्याचं जे महान कार्य झालं, त्याचा मानकरी मी आहे. न्याय जिंकला तो माझ्यामुळे, खलनायक हरला तो माझ्यामुळे, आणि लहानपणी जत्रेत हरवलेले भाऊ एकमेकांना भेटले तेही माझ्याच पोटात. इतिहासाला याची दखल घ्यावीच लागेल. परवापर्यंत माझ्या डोक्यावर नागलीच्या पापडांचा डबा होता आणि इतिहास अजून सुरतेजवळच्या भेस्तानपर्यंत पोचलेला नाही.

मी व्हीसीआर. आजच्या मुलांना हे काय असतं ते ठाऊक नसतं, त्यात त्यांचा दोष नाही. माझ्या तोंडात कॅसेट नावाची जाड पुस्तकाएवढी डबी ढकलायची, की तिच्यातली फीत फिरते आणि टीव्हीवर पिक्चर दिसतो. एवढंच माझं शास्त्र. आमच्या घरातल्या सहा वर्षांच्या नूतनचा त्यावर विश्वास नाही. माझं तोंड सारखं उघडं दिसतं, म्हणजे मला भूक लागलेली असणार, असं तिचं मत आहे. ती स्टुलावर चढून मला बिस्किटं भरवते.

माझा जन्म जपानचा. तसं माझ्या पाठीवर लिहिलंय म्हणतात. पाठ मला दिसत नाही, त्यामुळे ही ऐकीव माहिती समजावी. तिथून मी सुरतेत उधन्याच्या एका शेठकडे आलो. शेठचं लूमचं खातं होतं, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांचा कारखाना. पुढे शेठने नवा व्हीसीआर घेतला आणि त्या दिवाळीला आपल्या धुडकू नावाच्या कारागिराला बोनस देण्याऐवजी मला देऊन टाकलं.

"धुडकू, आ तो फॉरेननुं छे!" शेठ म्हणाला.

धुडकू भारावून गेला. त्याची बायको सरलाबाई भारावली नाही. ती होळीपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

पण मित्रांनो, होळीनंतर जे दिवस आले ते मी विसरणार नाही. खात्याला सुट्टी असली की दुपारी जेवणं उरकून सगळी चाळ आमच्या खोलीत जमायची. टीव्ही शेजाऱ्यांचा, मी आमचा, आणि कॅसेट भिकनची. भिकन सायकलच्या हँडलला पिशव्या अडकवून कॅसेटी भाड्याने देत फिरायचा. खिडकीला गोधडी लावायची, पंखा शेवटच्या बायकांपर्यंत पोचेल असा फिरवायचा आणि एक मारधाडीचा, एक हसवणारा, असे दोन पिक्चर बसल्या बैठकीला संपवायचे. मारधाडीच्या पिक्चरमध्ये नायक छपरातून पडायचा. दरवाजा उघडा असला तरी छपरातून. चाळीतल्या कोणालाही त्याचं नवल वाटलं नाही. नवल फक्त पत्रे बदलायच्या खर्चाचं वाटायचं.

आता मुख्य गोष्ट सांगतो. लूमचा आवाज तुम्ही ऐकला नसेल तर बरंच आहे. शेकडो माग एकाच वेळी खडाखड चालतात. खात्यात माणसं ओठ बघून बोलतात आणि वर्षं सरतात तसे कान घरी आल्यावरही खात्यातच राहतात. धुडकूचं तसंच झालं. त्याला हिंदी चांगलं समजायचं, पण ऐकू यायचं नाही. सरलाबाईला ऐकू चांगलं यायचं, पण ती शिंदखेड्याकडच्या खेड्यातून नुकतीच आलेली, तिला हिंदी समजायचं नाही. तर पडद्यावर कोणी तोंड उघडलं की धुडकू तिच्याकडे वळायचा.

"काय म्हनस तो?"

आणि सरलाबाई सांगायची. समजत नसताना, एकदाही न अडखळता, अहिराणीत सांगायची.

खलनायक मोठ्या खुर्चीत बसून गरजला, की ती धुडकूच्या कानाशी वाकून सांगायची, "तो म्हनस, हाऊ ताका कोनी फाडा?" ताका म्हणजे मागावरून उतरलेलं अखंड कापड. ते कोणी फाडलं, हे खात्यातला मास्तर रोज ओरडून विचारायचा. त्यामुळे नायकाने खलनायकाला पहिला ठोसा मारला, की धुडकू मांडी सोडून उभा राहायचा. त्याला थांबवायला दोघं लागायचे.

पण धुडकूचा जीव होता तो कपाटवाल्या पिक्चरवर. त्यात एक भाडेकरू घरमालकाला चुकवायला कपाटात लपतो. कपड्यांत दबून, नाकावर हँगर, मान वाकडी. घरमालक कोट काढायला कपाट उघडतो. दोघं एकमेकांकडे बघत राहतात. मग भाडेकरू काहीतरी बोलतो.

"काय म्हनस तो?"

"तो म्हनस," सरलाबाई म्हणाली, "काका, नंदुरबार उनं का?"

ज्यांनी सुरतेहून भुसावळ पॅसेंजरने गावी जाताना माणसांच्या आणि गाठोड्यांच्या मध्ये उभं राहून काकुळतीने हेच, 'नंदुरबार आलं का', विचारलंय, त्यांनाच त्या हसण्याची किंमत कळेल. धुडकूला ठसका लागला. त्याच्या पाठीत गुद्दे घालणाऱ्यांनाही हसू आवरेना. ती कॅसेट मग तो इतक्या वेळा आणायचा की एकदा परत द्यायचंच राहून गेलं.

पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. सीडीच्या चकत्या आल्या, डिश आली, मोबाईल आला. चाळ सुटली, भेस्तानला घर झालं. मी टीव्हीखालून कपाटावर, कपाटावरून माळ्यावर आणि माळ्यावरून बैठकीच्या खोलीतल्या उंच फळीवर पापडांच्या सेवेत रुजू झालो. धुडकूचा आप्पा झाला. मुलगा वाल्मिक जवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात सुपरवायझर झाला. भिकन सायकलवरून उतरून मोबाईलच्या काचा आणि कव्हरं विकायला लागला. आणि आप्पांचे कान पार गेले.

यंदा वाल्मिकने त्यांना कानाचं मशीन आणून दिलं. चांगला मुलगा आहे. आप्पा पहिल्यांदा प्रेशर कुकरच्या शिट्टीला दचकले, मग स्वतःच्या चपलांना. दोन दिवसांनी म्हणाले, "वाल्मिक, आपला जुना पिक्चर लाव ना रे."

वाल्मिकने मोठ्या टीव्हीवर एकामागून एक जुने पिक्चर लावले. मी वरून बघत होतो. आप्पा लोडाला टेकून, कान टवकारून. खलनायक खुर्चीत बसून शुद्ध हिंदीत म्हणाला की तो सगळ्यांना उद्ध्वस्त करणार आहे. ताक्याबद्दल अवाक्षर नाही. नायकाने ठोसा मारला. आप्पा बसूनच राहिले.

"काबर मारस त्याले?" ते म्हणाले. कशाला मारतो त्याला? "काय करं त्यानी?"

सरलाबाई मागे पाटावर मेथी निवडत होती. खलनायक बोलला की तिचं तोंड सवयीने उघडायचं आणि मिटायचं. तिला आता कोणी विचारत नव्हतं. हे फक्त मला दिसलं, कारण माझी बसण्याची जागा उंच आहे.

मग कपाटवाला पिक्चर लागला. आप्पांनी नूतनला जवळ ओढून बसवलं. "आते देख, आते!" कपाट उघडलं. भाडेकरूने हँगर नाकावरून बाजूला केला आणि म्हणाला, "माफ कीजिए, मैं आपके कोट को हवा दे रहा था।"

खोलीत कोणी हसलं नाही. कानाच्या मशीनने तेवढी बारीक शिट्टी वाजवली.

"हाऊ तो पिक्चर नही शे," आप्पा म्हणाले.

"आप्पा, हाच छे ने! नाव बघा वर," वाल्मिक म्हणाला.

"यास्नी कापी टाका. खरा पिक्चर त्या मशीनमा शे." यांनी वाक्य कापून टाकलंय, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मित्रांनो, वेळ नाजूक होती. वाल्मिकची बायको रंजना त्याच आठवड्यात मला भंगारवाल्याला देणार होती. खरं काय ते मला माहीत होतं. फितीवर जे असतं तेच मी दाखवतो, पदरचं घालत नाही. पण मी गप्प बसलो. भंगारवाला गल्लीत ओरडत असताना सत्य सांगायला बसणारा व्हीसीआर माझ्या पाहण्यात नाही.

आप्पा मात्र हटून बसले. जेवताना घास हातात धरून मध्येच विचारायचे, "नंदुरबारवालं वाक्य कोठे गयं?" वाल्मिकने शेजारी, भाऊबंद, सगळ्यांना फोन करून विचारलं. चाळीतली जुनी माणसं आता उरली होती किती! ज्यांना फोन लागले त्यांना पिक्चर आठवेना. आप्पांचा चेहरा बघून वाल्मिक बायकोला हळूच म्हणाला, "डोक्याचं तर काही नाही ना झालं?" आप्पांनी ते ऐकलं. मशीन खरंच चांगलं होतं. ते उठून गॅलरीत जाऊन बसले, आणि मला वाटलं, आपण बोलायला हवं होतं.

रविवारी वाल्मिक भिकनला घेऊन आला. भिकनने मला उघडलं. आतून एक कंगवा निघाला, दोन लग्नपत्रिका आणि बिस्किटांचा भरपूर चुरा. रबरी पट्टा वितळून डिंक झाला होता. भिकनने दुसऱ्या कुठल्या यंत्राचा पट्टा बसवला, फीत वाचणारं माझं हेड जुन्या रीतीने कोऱ्या नोटेने पुसलं, आणि मला नव्या टीव्हीला जोडलं. आप्पांनी पत्र्याच्या पेटीतून रुमालात गुंडाळलेली कॅसेट काढली.

भिकनने ती उलटसुलट बघितली. "आप्पा, हाई तं मन्ही कॅसेट शे! तिले मी कवढं शोधं!"

"सापडनी ना आते?" आप्पा म्हणाले.

मी जिवाच्या आकांताने फिरलो. पडद्यावर मुंग्या आल्या, आडव्या रेघा आल्या, रंग थोडा हिरवा झाला, पण पिक्चर लागला. कपाट उघडलं. मित्रांनो, माझ्या हातात असतं तर मी ते वाक्य कुठूनही पैदा केलं असतं. भाडेकरूने हँगर बाजूला केला.

"माफ कीजिए, मैं आपके कोट को हवा दे रहा था।"

आप्पा मान खाली घालून म्हणाले, "मंग मन्हंच डोकं गयं व्हई." माझंच डोकं गेलं असेल.

मागून मेथीच्या ढिगाआडून आवाज आला. मान वर न करता.

"तो म्हनस, काका, नंदुरबार उनं का?"

आप्पा वळले. अख्खं शरीर वळवून वळले.

"वाल्मिकनी माय! तूच व्हती का ती?"

"मंग काय हाई मशीन व्हतं?" सरलाबाईने माझ्याकडे मेथीची काडी दाखवली. त्या क्षणी तिने मला होळीच्या आधीची वागणूक दिली.

"कधी बोलनी नही!"

"तुम्ही इचारं कधी? माले कोठे हिंदी समजे तवय? तुम्ही हासेत, म्हनीसन मी सांगू." तुम्ही हसायचात, म्हणून मी सांगायचे.

आप्पांनी कानातलं मशीन काढलं, सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि वर बटण लावलं. वाल्मिक काहीतरी म्हणायला गेला. रंजनाने त्याचा हात दाबला.

"परत लाव रे," आप्पा मोठ्याने म्हणाले. बहिरी माणसं बोलतात तसे. आणि सरलाबाईच्या ओठांवर नजर ठेवून पाटाकडे सरकले. "हां. काय म्हनस तो?"

सरलाबाईने मेथी बाजूला ठेवली. तिने सांगितलं. आप्पांना ठसका लागला. भिकनने पाठीत गुद्दे घातले. वाल्मिकला हिंदीही समजत होतं आणि ऐकूही येत होतं, तरी तोही आईचंच ऐकत हसत होता. अहिराणी न समजणारी नूतन आजीचा पदर ओढत होती, "बा, शुं बोले छे? कहो ने!" आणि आजी तिला मोडक्या गुजरातीत पहिल्यापासून सांगायला लागली. या वेळी घरमालक कपाट उघडून म्हणत होता की मोबाईल ठेव आणि जेवायला चल.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तू फेकू नका, त्यांची निगा राखा, असा बोध इथे करायची पद्धत आहे. पण ते हसू माझ्यात नव्हतं हे आता सगळ्या घराला कळलंय, त्यामुळे तेवढा अधिकार मला राहिलेला नाही. मला फेकणार नाहीत असं दिसतं. पापडांचा डबाही हलवलाय.

फक्त एकच विनंती. मी चांगलं काम केलं म्हणून नूतनने खूश होऊन काल मला एक क्रीमचं बिस्कीट भरवलं. डाव्या बाजूला अडकलंय. मुंग्या यायला लागल्या आहेत, आणि या पडद्यावरच्या नाहीत. तेवढं कोणीतरी काढा.