चौथ्या दिवशी काढलेला फ्लॉवर

मी फ्लॉवरचा गड्डा. पांढराशुभ्र, औषधाला म्हणूनसुद्धा डाग नाही. रूपाची घमेंड मला आहे, खोटं कशाला बोलू?

ऊन लागून मी पिवळा पडू नये म्हणून मालक माझीच पानं माझ्या डोक्यावर ओढून बांधायचा, स्वतःच्या जुन्या चौकडीच्या शर्टाच्या चिंधीने. घरच्यांसाठी मात्र विहिरीकाठी वेगळा वाफा होता. तिथे फवारणी नसे. तिथले गड्डे किडके, वेडेबागडे; आम्ही त्यांना हसायचो.

औषधाच्या बाटलीवर स्पष्ट लिहिलं होतं की, फवारणीनंतर दहा दिवस माल काढू नये. पण चौथ्याच दिवशी व्यापाऱ्याची गाडी दारात उभी राहिली. मालकाने विळा उचलला. लोक धुऊनच खातात की, असं तो बायकोला म्हणाला. घाईत माझी चिंधी सोडायची राहून गेली.

बाजारात अळी दिसली की माणसं नाक मुरडून गड्डा खाली ठेवतात. जिथे अळी जगली, तिथे आपणही जगू, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. मी हातोहात खपलो.

मला नेणारीला सातवा महिना होता. घरी येऊन तिने चिंधी सोडली आणि हसायलाच लागली. लगेच फोन लावला. "बाबा, तुमचा शर्ट आलाय माझ्याकडे. फ्लॉवरसकट. आत्ताच फोडणीला टाकते."

पलीकडून माझा मालकच म्हणाला, "तो खाऊ नकोस, पोरी."

का, ते त्याने अडखळत सांगितलं. मिठाच्या पाण्यात ठेवला तर, असं तिने विचारलं. तो नकोच म्हणाला. विहिरीकाठच्या वाफ्यातले उद्याच पाठवतो म्हणाला.

ती पोटावर हात ठेवून खाली बसली. "बाबा, बाजारात माझ्या शेजारी एक बाई होती, कडेवर मूल घेऊन. तिने यातलेच दोन नेले. तिला कोण फोन करणार?"



मी आता कचऱ्याच्या डब्यात आहे, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. मालक, अर्धं शेत अजून उभं आहे. उद्या गाडी आली तर परत पाठवा, दहा दिवस भरू द्या. माझ्याशेजारचे ते दोन गड्डे मात्र आत्ता कढईत पडले असतील, आणि त्या घरी कुणाचाही फोन येणार नाही.